निर्वासितांचे पूर्ववृत्त आणि घरचा वैद्य

घरचा वैद्य म्हणजे केवळ घराजवळ राहणारा वैद्य नव्हे. आजोबांना दम्याचा विकार होता, आईचे दुसरे बाळंतपण अवघड गेले होते, थोरल्या मुलास विशिष्ट औषध सोसत नाही, या गोष्टी ज्यास न सांगता ठाऊक असतात, त्यास आपण घरचा वैद्य किंवा आजच्या बोलीत घरचा डॉक्टर म्हणतो. रोगी त्याच्या दारात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्यामागे दोन पिढ्यांचा वृत्तान्त उभा असतो आणि त्या वृत्तान्तासह रोगी तपासला जातो. रोग्याच्या या पूर्ववृत्तास आपले डॉक्टर ‘हिस्टरी’ म्हणतात; ‘आधी हिस्टरी घेऊ या’ असे त्यांचे नेहमीचे बोलणे असते. इतिहास शिकविण्यात ज्यांची उमर गेली त्या आमच्यासारख्यांना हा शब्द ऐकून नेहमीच आपुलकी वाटत आली आहे. वैद्य आणि इतिहासकार यांची कामे वरवर पाहता भिन्न. परंतु दोघांनाही मागे काय घडले ते विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही.

आता असा माणूस कल्पावा की, ज्याचे हे पूर्ववृत्तच सीमेपलीकडे राहून गेले आहे. त्याचा घरचा वैद्य तिकडे राहिला, औषधांचे कागद घरासह गेले, आणि जी भाषा बोलून तो आपले दुखणे सांगे ती भाषा इथे कोणास समजत नाही. निर्वासित तो हाच. त्याच्या अंगी रोग असतो किंवा नसतोही. पण रोग सांगण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नसते. अशा नवागतांची शुश्रूषा गावोगावच्या सामान्य डॉक्टरांनी कशी करावी, हा प्रश्न आज जगात मोठा झालेला आहे. २०२४ सालच्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरदार सोडावे लागलेल्यांची संख्या जगात बारा कोटींहून अधिक होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने नमूद केले आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकातील आमचा अधिकार शून्य. परंतु हा प्रश्न आपल्या गोमंतकाला आणि महाराष्ट्राला नवा नाही, आणि त्याची काही उत्तरे आपल्याच इतिहासात पडून आहेत, एवढे दाखविण्याचा अधिकार इतिहासाच्या शिक्षकाला असावा.

या विषयाकडे आमचे लक्ष ज्या प्रसंगाने वेधले तो फार लहान आहे. आमचे इब्रामपूर पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकास वसलेले गाव. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये तिळारीच्या पाण्याने पलीकडचे साळ आणि अलीकडचे इब्रामपूर, हणखणे, चांदेल हा सारा काठ जलमय केला. त्या दिवसांत घर सोडून उंचावरच्या नातलगांकडे आलेल्या एका म्हातारीस तपासावयास एक डॉक्टर आले होते. त्यांनी विचारले, ‘‘आजी, काय होते?’’ आजी म्हणाली, ‘‘माका कायच जावंक ना, दोतोर.’’ ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टर उठणार इतक्यात त्यांनी सहज विचारले, ‘‘घरी असताना रोज काय काय घेत होता?’’ तेव्हा आजींनी पदराच्या टोकाची गाठ सोडून एक रिकामे, भिजलेले पाकीट दाखविले. मधुमेहाच्या गोळ्या चार दिवसांपूर्वी संपल्या होत्या. दुखण्याविषयी विचारले तेव्हा उत्तर मिळाले नव्हते. घराविषयी विचारताच मिळाले. ज्या बाईचे घर हाकेच्या अंतरावर होते आणि जिची भाषा डॉक्टरांचीच होती तिची ही कथा. मग ज्याचे घर हजार कोस दूर राहिले त्याची काय असेल?

आमच्या या प्रांताची जडणघडणच मुळी निर्वासितांनी केलेली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेस आणि साष्टी येथे देवळे पाडून धर्मांतराचा सपाटा लावला, तेव्हा अनेक कुटुंबे नद्या ओलांडून त्यांच्या अमलाबाहेरच्या मुलखात आली. कुशस्थळीचा मंगेश अंत्रुज महालातील प्रियोळास आला. दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोली महालातील नार्व्यास आला आणि पुढे १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. देवांचे हे स्थलांतर आपण अभिमानाने सांगतो. परंतु देवाची पालखी ज्यांच्या खांद्यावर होती त्या माणसांचे काय झाले, वाटेत कोण आजारी पडले, तान्ह्या मुलांना कोणी औषध दिले, हे आपल्या बखरींत नाही. पेडणे महाल त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता; तो त्यांच्याकडे गेला १७८८ साली. म्हणजे ज्या भूमीवर आम्ही आज राहतो ती त्या काळी आश्रयाची भूमी होती.

या पळालेल्यांपैकी काही कुटुंबे दक्षिणेस कोचीनपर्यंत गेली. तेथे डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. या ग्रंथास मलबारच्या इट्टी अच्युतन् या वैद्याप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य लाभले होते, आणि त्यांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र कोंकणी भाषेत व नागरी लिपीत त्या ग्रंथात मुद्रित झाले आहे. गोमंतकातून निघालेल्या समाजाने परमुलखात नुसते औषध घेतले नाही, औषध दिलेही. निर्वासित म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हात पसरलेला माणूस येतो. त्याच्या गाठोड्यात वैद्यकही असू शकते हे आपण विसरतो.

याची दुसरी साक्ष खुद्द पणजीतील एका बागेच्या नावात आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. त्याचे आईबाप स्पेनमधील ज्यू. १४९२ साली तेथून ज्यूंची हकालपट्टी झाली तेव्हा ते पोर्तुगालात आले होते. धर्म बदलूनही संशयाची छाया त्यांच्या मुलाच्या मागून हटली नाही. अशा या निर्वासितपुत्राने भारतीय औषधींविषयीचा आपला संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापून प्रसिद्ध केला. त्यात पटकीचे वर्णन आहे, आणि त्या ठिकाणी येथील मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचेही मत नोंदलेले आहे. नवख्या देशातील रोग समजून घ्यावयाचा तर तेथील वैद्याला विचारले पाहिजे, ही नम्रता ऑर्तापाशी होती. १५६८ साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी धर्मसमीक्षण सभेने त्याच्या बहिणीस जाळले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ज्याने परक्यांची दुखणी ऐकली त्याला अखेर थडग्यातही घर मिळाले नाही.

असो. आता जवळच्या काळाकडे येऊ. नवागतांकडे पाहण्याचे दोन मार्ग असतात. एक नाक्यावरच्या पहारेकऱ्याचा, दुसरा घरच्या वैद्याचा. पहिला विचारतो, ‘हा आपल्याबरोबर कोणता रोग घेऊन आला?’ दुसरा विचारतो, ‘हा कशातून आला?’ पहिला प्रश्न निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. साथीच्या रोगात तो विचारावाच लागतो. परंतु तो एकटा पडला म्हणजे काय होते हे १८९६-९७ च्या प्लेगने आपल्याला शिकविले आहे. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान ज्यांनी प्रथम केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे बारदेसातील हडफड्याचे. ते कोणी मोठे सरकारी संशोधक नव्हते. वस्तीत दवाखाना चालविणारे आणि रोग्यांच्या घरी जाणारे डॉक्टर होते. घरी जात होते म्हणूनच त्यांना तो रोग दिसला. याउलट पुण्यास सरकारने १८९७ साली सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या, माणसांना ओढून रुग्णालयांत व छावण्यांत नेले. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. रँडच्या खुनापर्यंत प्रकरण गेले हे सर्वश्रुतच आहे. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या बाहेर, डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता आणि त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई स्वतः रोगी आणून त्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवरून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकाच शहरात एकाच रोगावर हे दोन उपाय चालले होते. एकाच्या भीतीने रोगी लपत होता, दुसऱ्याच्या पाठीवर तो विश्वासाने बसत होता.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील आहे. १९३९ साली पोलंडचे लचके तोडले गेले आणि पूर्वेकडील भागातील लक्षावधी पोलिश लोकांना १९४०-४१ साली सोव्हिएत रशियाने सैबेरिया व मध्य आशिया येथे नेऊन टाकले. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यानंतर जुलै १९४१ मध्ये करार होऊन या लोकांस मोकळीक मिळाली, आणि १९४२ साली त्यांपैकी एक लाखावर माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. त्यांत सैनिकांखेरीज बायका, मुले आणि वृद्ध मिळून सदतीस-अडतीस हजार नागरिक होते. पहलवी बंदरावर उतरलेल्या या माणसांत टायफस, अतिसार आणि उपासमार यांनी थैमान घातले होते. त्यांचे कपडे जाळण्यात आले, केस कापण्यात आले. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यांच्या पुढ्यात एकाएकी स्निग्ध आणि भरपेट अन्न आले, आणि ते न सोसून अनेकजण दगावले. इराणच्या भूमीत दोन हजारांहून अधिक पोलिश माणसे कायमची विसावली. दयेलाही मात्रा असते, हे वैद्यकाचे सूत्र तेथे फार महाग शिकावे लागले. उपाशी माणसाला अन्न द्यावयाचे तेही थोडेथोडे, क्रमाक्रमाने वाढवीत, हे आजचे वैद्यकही सांगते.

यांपैकी एक हजाराच्या आसपास मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे १९४२ साली आश्रय दिला. मुंबईतील पोलिश वकिलाच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी रेडक्रॉसच्या वतीने या मुलांसाठी अपार धडपड केली. रशियातून मुलांना आणणाऱ्या पथकात हांका ऑर्दोनुव्हना ही पोलंडची नामांकित गायिका होती. ती स्वतः क्षयाने ग्रस्त होती. पुढे १९४३ च्या मध्यास कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या परिसरात वळिवड्यास मोठी वसाहत उघडली आणि तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहू लागली. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले; कर्ते पुरुष रणांगणावर किंवा मृत्यूच्या पलीकडे. बालाचडीची छावणी १९४६ साली बंद झाली तेव्हा तेथील उरलेली मुलेही वळिवड्यास आली.

या वसाहतीत रुग्णालय होते हे सांगण्यात विशेष नाही; छावणी म्हटली की रुग्णालय आलेच. विशेष हे की त्या रुग्णालयाभोवती बाकीचे सारे जीवन उभे करण्यात आले होते. प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, नाट्यप्रयोग होत, बालवीरांची पथके होती. लांबच लांब बराकींत प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली आणि स्वयंपाकाची स्वतंत्र सोय होती. दारापुढे फुलझाडे लावली जात. शिक्षक त्यांच्यातलेच, शिक्षणाची भाषा त्यांची. ज्यांची फुप्फुसे दुर्बळ झाली होती अशा मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली होती. रशियात आईबापांचे मरण डोळ्यांदेखत पाहिलेल्या मुलांना कोणते औषध दिले असेल? बाटलीतले तर खासच नव्हे. ठरलेल्या वेळी वाजणारी शाळेची घंटा, आपल्या भाषेतली प्रार्थना, आईच्या हातची भाकरी नाही तरी ओळखीच्या हातचे सूप, आणि उद्याही हेच होणार आहे ही खात्री, हेच त्यांचे औषध. हे लिहिताना मुख्याध्यापक म्हणून आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा. कारण घंटेची गणना कोणी औषधात करीत नाही.

तरीही सारेच वाचले नाहीत. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावांची थडगी आहेत. १९४८ च्या सुमारास ही वसाहत रिकामी झाली; माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी पांगली, काही मायदेशी परतली. परंतु त्यांनी कोल्हापूर टाकले नाही. कोल्हापुरातील महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचा स्तंभ आहे, आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरचे स्मारक आहे; २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली. एखाद्या शहराचे स्मारक हजारो कोसांवरच्या दुसऱ्या शहरात उभे राहावे, आणि तेही विजयासाठी नव्हे तर पाहुणचारासाठी, हे इतिहासात फार वेळा घडत नाही.

वळिवड्याची कथा येथे संपत नाही. पोलिश माणसे निघून गेली त्याच सुमारास फाळणीमुळे सिंधमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि त्यांतील काही कुटुंबांस त्याच बराकींत जागा देण्यात आली. वळिवड्याची ती वसाहत पुढे गांधीनगर झाली. आज कापडाची बाजारपेठ म्हणून तिचे नाव आहे. एका खोलीतून पोलिश आई गेली आणि सिंधी आई आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत तर सुमारे एक लाख सिंधी माणसांची सोय करावी लागली, आणि त्या छावण्यांचेच ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर झाले. येथे पोलिश वसाहतीपेक्षा एक मोठा फरक होता. पोलिश माणसे परतण्याच्या किंवा पुढे जाण्याच्या आशेवर होती; सिंधी माणसांना ठाऊक होते की परतीची वाट मिटली आहे. पहिल्याला पाहुण्यासारखे सांभाळावे लागते, दुसऱ्याला शेजारी म्हणून स्वीकारावे लागते. छावणीचे रुग्णालय पहिले काम करू शकते. दुसरे काम मात्र वस्तीतला दवाखानाच करतो. सिंधमधून आलेल्यांत डॉक्टरही होते. त्यांनी आपल्याच माणसांत पाट्या लावल्या, आणि ज्या घराची हिस्टरी फाळणीत बुडाली होती तिचे पहिले पान पुन्हा लिहिले गेले.

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोट निर्वासित भारतात आले. बनगाव येथे पटकीने माणसे पटापट मरू लागली. शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखरेचा ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. तज्ज्ञांत त्या वेळी याविषयी पुरेसा विश्वास नव्हता. त्यांच्या देखरेखीखालील छावणीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून शेकडा ४ च्या खाली आले. या शोधाइतकेच महत्त्वाचे आम्हांस दुसरे वाटते: ते पाणी पाजण्याचे काम रोग्यांच्या आयांनी, भावांनी, नातलगांनी केले. डॉक्टर एक, रोगी हजार. अशा वेळी निर्वासितालाच शुश्रूषक केल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तेच यशाचे कारण झाले.

तिबेटी निर्वासितांचे उदाहरण आणखी वेगळ्या जातीचे आहे. १९५९ नंतर आलेल्या या समाजाच्या वसाहती आमच्यापासून फार दूर नाहीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथील वसाहत १९६६ ची, आणि विदर्भात गोठणगाव येथील वसाहत १९७२ ची. थंड व विरळ हवेतून उष्ण, दाट वस्तीत आलेल्या या माणसांत क्षयाचे प्रमाण भारताच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक राहिले आहे. वसतिगृहे आणि मठ यांतील दाटीचा त्यात मोठा वाटा. अलीकडे धरमशाळा येथील तिबेटी रुग्णालयाने शाळा आणि मठ येथेच जाऊन सर्वांची तपासणी करण्याचा आणि रोग सुप्तावस्थेत असतानाच औषध देण्याचा उपक्रम केला. रोगी येण्याची वाट पाहणे पुरेसे नसते, आणि आगमनाला पन्नास वर्षे झाली म्हणून आगमनाचा रोग संपत नाही, हे दोन धडे त्यातून मिळतात.

या साऱ्या वृत्तान्तातून गावच्या डॉक्टराने काय घ्यावे? वैद्यकीय उपचार सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु इतिहासातून जे निष्पन्न होते ते सांगतो. पहिली गोष्ट वेळ. नवागताची पहिली भेट घाईत उरकू नये. ‘काय होते’ यापूर्वी ‘कोठून आलात, वाटेत किती दिवस गेले, घरी कोणती औषधे चालू होती, बरोबर कोण आहे, मागे कोण राहिले’ हे विचारावे. मात्र दुःखाचे दार बाहेरून फोडू नये. ज्याने छळ सोसला आहे तो पहिल्या दिवशी सांगणार नाही. झोप लागते का, भूक लागते का, एवढे विचारून थांबावे. तो पुन्हा आला म्हणजे अर्धे काम झाले.

दुसरी गोष्ट भाषा. मुले नवी भाषा लवकर शिकतात, म्हणून आईच्या दुखण्याचा दुभाषा सहसा मूलच होते. शाळेत बसून हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. दहा वर्षांच्या मुलीने आपल्या आईच्या रक्तस्रावाविषयी परक्या पुरुषास सांगावे, हे त्या मुलीवर आणि आईवर दोघींवर अन्याय करणारे आहे. आई अर्धे सांगत नाही, मुलगी उरलेले गाळते, आणि डॉक्टर चुकीच्या हिस्टरीवर औषध लिहितो. प्रौढ दुभाषा मिळवावा, स्त्रीसाठी स्त्री. मिळत नसेल तर त्या भाषेचे चार प्रौढ बोलणारे कोण आहेत याची यादी तरी दवाखान्यात असावी. ही यादी करून देणे हे शिक्षकांचे काम आहे, कारण गावात कोणाची भाषा कोणती हे पटावरून शिक्षकास जितके कळते तितके कोणास कळत नाही.

तिसरी गोष्ट कागद. लसीकरणाचा दाखला हरवला असेल तर लस झाली असेल असे धरून चालू नये. पुन्हा देण्याने सहसा अपाय होत नाही, न देण्याने होऊ शकतो, असे वैद्यकाचे मत आहे. क्षयाचे औषध सहसा सहा महिने चालते आणि मध्येच तुटले तर रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून नवागत पुढच्या गावी निघाला तर त्याची हिस्टरी त्याच्या हाती लिहून द्यावी. ज्याचे सारे कागद गेले त्याला दिलेला पहिला कागद ही त्याच्या नव्या आयुष्याची सनद असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. आपल्याच गावात डॉक्टर अपुरे, रांगा लांब; परक्यासाठी वेळ कोठून आणावा? शिवाय आपल्या देशाने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि त्यांच्याविषयी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. हे खरे. परंतु वळिवड्याला आश्रय मिळाला तेव्हा तो करारही नव्हता, आणि देशात युद्धकाळची टंचाई होती. बंगालमध्ये तर त्याच १९४३ साली भीषण दुष्काळ पडला होता. आपले उपाशी असताना परक्यास घास देणे योग्य होते काय, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. आमचे मत असे की, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या ताटाकडे पाहून विचारावा, दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून नव्हे. आणि नवागताची काळजी घेण्याची जी रीत, तीच आपल्या माणसाचीही चांगली रीत आहे: वेळ देणे, ऐकणे, घरी जाणे, कागद नीट ठेवणे. परक्यासाठी ती शिकलेला डॉक्टर आपल्या आजीच्या पदराची गाठही सोडायला विसरणार नाही.

आज आमच्या पेडणे तालुक्यात निर्वासितांची छावणी नाही. परंतु बांधकामावर, बागायतीत, खाणावळीत दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे आहेत; मोप्याचा विमानतळ झाल्यापासून त्यांत भरच पडली आहे. ती निर्वासित नव्हेत, हा भेद आम्ही पुसू इच्छीत नाही. स्वेच्छेने आलेला आणि जीव वाचवून आलेला यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तरी त्यांचेही पूर्ववृत्त गावी राहिले आहे आणि त्यांचीही मुले आमच्या वर्गात आईचे दुभाषी आहेत. ज्या मुलखाने एकेकाळी नदी ओलांडून आलेल्यांना जागा दिली, आणि ज्याच्या माणसांना कोचीनपर्यंत जाऊन परक्यांच्या दारी उभे राहावे लागले, त्या मुलखाने निदान विचारण्याची रीत विसरू नये. इतिहासाचा शिक्षक आणि घरचा वैद्य या दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: यापूर्वी काय झाले? तो शांतपणे विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.